कुणाला विचारलं? ‘द मॉम टेस्ट’ या पुस्तकाकडे संशोधकाच्या नजरेने

संशोधनाची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून मला हल्ली दोन प्रश्न वारंवार ऐकू येतात. पहिला नेहमीचा: "विषय ठरला, पण प्रतिसादक कुठून आणू?" दुसरा अलीकडचा. बऱ्याच विद्यापीठांमध्ये आता इन्क्युबेशन सेंटर निघालंय, त्यामुळे पीएचडी करता करता स्टार्टअपचं स्वप्न बघणारेही वाढलेत. ते विचारतात, "आयडिया आहे, पण ती कुणाला हवीय का, हे कुणाला विचारू?"

माझ्या मते हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. दोन्हीकडे तुम्हाला अनोळखी माणसं शोधायची असतात, त्यांच्याकडून खरं काढून घ्यायचं असतं आणि मुठभर लोकांच्या बोलण्यावरून न भेटलेल्या हजारोंबद्दल काहीतरी ठरवायचं असतं. म्हणून आज एका अशा पुस्तकाबद्दल लिहितेय, जे कोर्सवर्कच्या वाचनयादीत बहुधा तुम्हाला दिसणार नाही. रॉब फिट्झपॅट्रिक यांचं ‘द मॉम टेस्ट’. 2013 साली आलेलं हे छोटेखानी पुस्तक स्टार्टअपवाल्यांच्या जगात जवळजवळ पाठ्यपुस्तकासारखं वापरलं जातं.

पुस्तक चांगलं आहे, तुम्ही वाचावं असंच आहे. पण त्यात एक मोठी फट आहे, आणि त्या फटीतून माझ्या मावसभावाची दीड वर्षं गेली. त्यात माझाही हात होता. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुस्तक काय शिकवतं

पुस्तकाचं नाव ज्या उदाहरणावरून आलंय ते साधं आहे. एक मुलगा आईला सांगतो, मी आयपॅडसाठी पाककृतींचं अ‍ॅप करतोय, तू घेशील का? आई म्हणते, वा, छानच की! मुलगा खूश होऊन कामाला लागतो. आई खोटं बोलली का? नाही. तिने लेकावर माया केली. चूक प्रश्नाची होती. फिट्झपॅट्रिक म्हणतात, प्रश्नच असा विचारा की आईलाही तुमचं मन राखता येऊ नये. त्यासाठी ते तीन नियम देतात. स्वतःच्या आयडियाबद्दल बोलू नका, समोरच्याच्या आयुष्याबद्दल बोला. ‘तुम्ही वापराल का?’ असं भविष्याबद्दल विचारू नका, ‘मागच्या वेळी काय केलंत?’ असं घडून गेलेलं विचारा. आणि कमी बोला, जास्त ऐका.

कौतुक, मोघम बोलणं आणि ‘तुम्ही अमुक सोय पण टाका’ अशा सूचना, या तिन्ही गोष्टींना ते निरुपयोगी माहिती म्हणतात. समोरच्याने काहीतरी पणाला लावलं, म्हणजे वेळ दिला, आपली पत वापरून दुसऱ्याशी गाठ घालून दिली किंवा सरळ पैसे काढले, तरच त्याचा होकार खरा धरायचा.

संशोधन पद्धतीचा अभ्यास केलेल्या कुणालाही हे ऐकून ओळखीचं वाटेल. माणसाचं बोलणं आणि वागणं यातलं अंतर समाजशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. रिचर्ड लापिएर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1930 च्या सुमारास एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर प्रवास केला. चिनी लोकांविषयी तिथे तेव्हा उघड द्वेष होता. तरी अडीचशेच्या वर हॉटेलं आणि खाण्याच्या जागांपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना पत्र पाठवून विचारलं, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांहून जास्त लोकांनी ‘नाही’ कळवलं. 1934 साली हा निबंध प्रसिद्ध झाला. तिथे लोक ‘नाही’ म्हणून ‘हो’सारखं वागले, स्टार्टअपमध्ये उलटं होतं. दोन्हीकडे धडा तोच: ‘कराल का’ विचारून ‘करतात का’ कळत नाही.

दुसरं नाव मार्टिन ऑर्न यांचं. प्रयोगात भाग घेणारा माणूस प्रयोगकर्त्याला काय हवंय याचा अंदाज घेऊन तसं वागतो, हे त्यांनी 1962 च्या लेखात मांडलं. त्यांनी लोकांना कंटाळवाण्या बेरजांचे कागद दिले आणि सांगितलं, एक कागद सोडवून झाला की त्याचे किमान 32 तुकडे करा आणि पुढचा घ्या. काम अगदीच निरर्थक, तरी लोक तासन्‌तास करत बसले, कारण त्यांना वाटलं, यामागे काहीतरी मोठं संशोधन असणार. मायेने ‘छान’ म्हणणारी आई आणि मुकाट्याने कागद फाडणारे हे लोक, दोघंही समोरच्याला जे हवं तेच देत होते.

फिट्झपॅट्रिक यांनी हे सगळं शास्त्रीय भाषेशिवाय, चहाच्या टपरीवर बोलावं तसं सांगितलंय. ही पुस्तकाची खरी ताकद आहे. मुलाखत तंत्रावरची दोन जाड पुस्तकं वाचूनही मला जे जमत नव्हतं, ते या पुस्तकाने एका दुपारीत जमवून दिलं.

आता आमची गोष्ट

माझा मावसभाऊ हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. इंजिनिअरिंगची चार वर्षं पुण्यात मेस लावून जेवलेला. ज्यांनी मेस लावलीय त्यांना ‘खाडा’ काय ते सांगायला नको. तरी इतरांसाठी: महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे, आणि ज्या दिवशी जेवायला येणार नाही तो खाडा. काही मेसवाले खाडा धरतात, म्हणजे तेवढी जेवणं पुढे वाढवून देतात. काही धरत नाहीत. काही ‘आदल्या दिवशी सांगितलं तरच’ किंवा ‘सलग तीन दिवस असेल तरच’ धरतात. मेसमधली अर्धी भांडणं खाड्यावरून होतात.

त्याची आयडिया अशी: एक अ‍ॅप, ज्यात मुलांनी सकाळी खाडा टाकायचा. मुलांचे पैसे वाचतील, मेसवाल्याचं अन्न वाया जाणार नाही. मावशीने अर्थातच ‘छान आहे रे’ म्हटलं. मग तो माझ्याकडे आला. "ताई, तू रिसर्चवाली. बरोबर चाललंय का बघ."

मी बघितलं. पहिल्यांदा त्याने गूगल फॉर्म केला होता, कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरवला होता. दीडशेच्या आसपास लोकांनी भरला, बहुतेकांनी ‘असं अ‍ॅप असेल तर नक्की वापरू’ असं लिहिलं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, हा डेटा कचऱ्यात टाक, आणि ‘द मॉम टेस्ट’ त्याच्या हातात दिलं.

त्याने ते मनापासून वाचलं आणि खरंच नीट काम केलं. ज्या मेसमध्ये चार वर्षं जेवला होता तिथल्या काकूंकडे गेला. अ‍ॅपचं नावही काढलं नाही. विचारलं, "काकू, मागच्या महिन्यात खाडे किती झाले? हिशोब कसा ठेवलात?" काकूंनी वही काढून दाखवली. प्रत्येक मुलाचं नाव, तारखा, लाल पेनाने खाडे. रोज रात्री अर्धा तास त्यात जातो म्हणाल्या. अजून पुरावा काय हवा? माणूस स्वतःचा वेळ घालून, वहीचा जुगाड करून तोच प्रश्न सोडवतोय! काकूंनी त्याला ओळखीच्या दोन मेसवाल्यांची नावं दिली, त्यांनी आणखी दोघांची. आठ मुलाखती झाल्या. सगळ्यांकडे वही, सगळ्यांची तीच कटकट. पाचव्या-सहाव्या मुलाखतीनंतर नवीन काही ऐकूच येईना.

"ताई, आता थांबू का?"

पुस्तकात सांगितलंय, नवीन ऐकू येणं थांबलं की थांबा. आमच्या पद्धतिशास्त्रातही हेच शिकवतात. ग्रेग गेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2006 चा लेख तुम्हाला कोर्सवर्कमध्ये भेटेलच. घाना आणि नायजेरिया इथल्या महिलांच्या 60 मुलाखती तपासून त्यांनी दाखवलं, की पहिल्या 12 मुलाखतींमध्ये जवळपास सगळे मुद्दे येऊन गेले होते आणि मुख्य मुद्दे तर सहामध्येच. मी तो लेख आठवून म्हणाले, "हो, थांब. डेटा चांगला आहे."

त्या वाक्यावर त्याने नोकरी सोडली.

फट नेमकी कुठे

अ‍ॅप तयार झालं. काकूंनी आणि त्यांच्या ओळखीतल्या दोघा-तिघांनी वापरून पाहिलं. पण धंदा चालायला मोठ्या मेस हव्या होत्या, दोन-दोनशे पोरं जेवतात त्या. तिथे मात्र दारातूनच परत. एका मालकाने शेवटी बसवून घेतलं आणि समजावलं. "बाळा, साठ जेवणांचे पैसे घेतो, पोरं जेवतात पंचेचाळीस. वरच्या पंधरावर माझी मेस चालते. म्हणून दर कमी ठेवता येतो. तू खाडा सांगायची सोय करून दिलीस तर सगळेच सांगतील. मग दर वाढवू का मी?"

म्हणजे मुलांना ते अ‍ॅप ज्या कारणासाठी हवं होतं, त्याच कारणासाठी मालकाला ते नको होतं. आणि हे आठ मुलाखतींमध्ये एकदाही आलं नाही. का नाही आलं?

हे मला समजायला बरेच दिवस लागले. भाऊ चार वर्षं त्या काकूंकडे का जेवत होता? कारण त्या खाडा प्रामाणिकपणे धरायच्या! खाडा न धरणारी मेस त्याने पहिल्याच महिन्यात सोडली होती. म्हणजे जिथून शोध सुरू झाला ते ठिकाणच आमच्या गृहीतकाने निवडलेलं होतं. काकूंनी दिलेली नावं त्यांच्यासारख्यांचीच होती: घरगुती मेस, तीस-चाळीस पोरं, बाई स्वतः स्वयंपाक करणारी, वहीत हिशोब. आठ मुलाखती म्हणजे आठ माणसं नव्हती, एकाच माळेचे आठ मणी होते. नवीन ऐकू येणं थांबलं ते विषय संपला म्हणून नाही, ओळख संपली म्हणून.

गेस्ट यांच्या लेखातही अट होती, ती मी सोयीस्करपणे विसरले. बऱ्यापैकी एकसारख्या गटासाठी तो आकडा आहे. आमचा गट एकसारखा होता, पण तो तसा आम्हीच करून ठेवला होता आणि नाव मात्र ‘पुण्यातले मेसवाले’ असं दिलं होतं.

म्हणून माझा पुस्तकावरचा मुख्य आक्षेप असा: ‘द मॉम टेस्ट’ काय विचारायचं ते उत्तम शिकवतं, पण कुणाला विचारायचं हा भाग सोयीचा प्रश्न समजून सोडून देतं.

पूर्ण सोडलाय असंही नाही. पुस्तकात माणसं शोधण्यावर प्रकरण आहे. ग्राहकांचे बारीक गट पाडा आणि प्रत्येक गट कुठे सापडेल ते लिहा, असा फार चांगला सल्ला आहे. उत्तरं दहा दिशांना जात असतील तर तुमचा गट फार ढोबळ आहे, हेही सांगितलंय. पण उत्तरं एकाच दिशेला जात असतील तेव्हा काय शंका घ्यावी, हे तिथे येत नाही. अनोळखी माणसाला गाठणं हे तिथे नाइलाजाचं काम आहे, लवकरात लवकर ओळखीतून ओळख काढायला लागा, असा एकूण सूर आहे. वेळ वाचवायला ते ठीक. पण ओळखीच्या वाटेने गेल्यावर उत्तरं कशी बदलतात, याचा हिशोब पुस्तक मांडत नाही.

आपल्याकडे या वाटेला नाव आहे: हिमगोल नमुना निवड, म्हणजेच स्नोबॉल सॅम्पलिंग. एकाने दुसऱ्याचं नाव द्यायचं, दुसऱ्याने तिसऱ्याचं. 1961 साली लिओ गुडमन यांनी त्याची गणिती मांडणी केली, तेव्हा सुरुवातीची माणसं यादृच्छिक पद्धतीने निवडायची असं गृहीत होतं. आपण थेसिसमध्ये ‘स्नोबॉल’ असं लिहितो आणि सुरुवात आपल्याच चाळीतून करतो. मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा 1973 चा लेख इथे जोडून वाचा. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं, ती ओळख किती जवळची होती? बहुतेकांना ती बातमी अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. कारण उघड आहे. जवळच्या माणसाला आपल्याला माहीत असतं तेच माहीत असतं. नोकरीच्या बातमीला जे लागू, ते तुमची आयडिया खोटी ठरवणाऱ्या बातमीलाही लागू.

‘मग शंभर मुलाखती घेऊ’

यावर एक सोपा उपाय सुचतो: संख्या वाढवा. ‘ऑफिसच्या बाहेर पडा आणि ग्राहकाला भेटा’ हा मंत्र रूढ करणारे स्टीव्ह ब्लँक यांच्या पद्धतीवर अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने 2011 मध्ये ‘आय-कोअर’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. प्रयोगशाळेतलं संशोधन बाजारात नेऊ पाहणारे गट त्यात जातात, अनेकदा पीएचडीचे विद्यार्थीच पुढे असतात. सुमारे सात आठवड्यांत किमान 100 संभाव्य ग्राहकांच्या मुलाखती घ्यायच्या, असा तिथला दंडक आहे. याचा मोठा फायदा म्हणजे माणूस खुर्चीतून उठतो. शंभरचा आकडा गाठायचा तर ओळखी संपतात आणि अनोळखी दारं वाजवावीच लागतात.

पण नुसत्या संख्येने दोष जात नाही, हे आपल्या शास्त्राला 1936 सालीच कळलंय. ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकन साप्ताहिकाने त्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. अंदाज निघाला, आल्फ्रेड लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्यं जिंकली. पत्ते घेतले होते ते मुख्यतः टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदणीतून, तेही मंदीच्या काळात. शिवाय ज्यांनी मतपत्रिका परत पाठवल्या ते न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. चुकीच्या दारातून वीस लाख माणसं आत घेतली तरी ती चुकीच्याच दारातून आलेली असतात.

स्टार्टअपवाल्यांची बाजू

इथे स्टार्टअपवाले एक रास्त मुद्दा काढतील. "आम्हाला जनगणना करायची नाही. पहिले दहा गरजू सापडले की बास." बरोबर आहे. एरिक फॉन हिपेल यांनी 1986 मध्ये ‘लीड युजर’ ही कल्पना मांडली: जी गरज पुढे बाजाराला जाणवणार आहे ती ज्यांना आजच जाणवते, आणि जी सुटली तर ज्यांचा मोठा फायदा आहे, अशांकडून शिका. ब्लँकही म्हणतात, पहिला ग्राहक असा शोधा ज्याला त्रास आहे, त्रास आहे हे माहीत आहे, जो उपाय शोधतोय, ज्याने काहीतरी जुगाड करून ठेवलाय आणि ज्याच्याकडे पैसे आहेत. सरासरी माणूस शोधूच नका, असा याचा अर्थ. संशोधनातही हेतुपूर्वक नमुना निवड मान्य आहे. त्यामुळे ‘तुमचा नमुना यादृच्छिक नाही’ हा संख्याशास्त्राचा ठरलेला आक्षेप मी घेणार नाही.

माझा आक्षेप त्याच्या पुढचा आहे. काकू या लीड युजर होत्याच. पण त्यांच्यासारखे पुढे वाढत जाणार आहेत, की त्या मुळातच वेगळ्या आहेत, हे काकूंना विचारून कधीच कळणार नव्हतं. ते काकूंसारखे नसलेल्यांना विचारूनच कळलं असतं. तुम्ही गरजू माणूस शोधलात हा दोष नाही. गरज नसलेला माणूस शोधायला गेलाच नाहीत, हा दोष.

आपल्याकडची अडचण

आणखी दोन गोष्टी, ज्या पुस्तकात नाहीत आणि आपल्याला मात्र रोज भेटतात.

एक, ‘नाही’ म्हणण्याची आपली पद्धत. शिकलेलं पोरगं दारात आलंय, त्याला तोडून कसं बोलायचं, म्हणून माणूस ‘करा, करा, चांगलं आहे’ म्हणतो. ‘बघू’ म्हणजे नाही, हे आपल्याला घरात कळतं, डेटा गोळा करताना मात्र आपण ते ‘कदाचित’ या रकान्यात टाकतो. गटात विचारलं तर आणखी अवघड. गोदरेज अँड बॉइस कंपनीने ‘छोटूकूल’ नावाचा हलका, वरून उघडणारा, बॅटरीवरही चालणारा छोटा फ्रिज केला. त्याच्या रचनेसाठी 2008 च्या सुमारास तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ग्रामीण महिलांचा सल्ला घेतला गेला होता. ग्राहकाकडे जाण्यात या कंपनीने कुठे कसूर केली असं म्हणता येणार नाही. तरी खेड्यातल्या घरांमध्ये तो अपेक्षेइतका खपला नाही, आणि पुढे शहरी ग्राहक, छोटे दुकानदार यांच्याकडे मोर्चा वळवावा लागला. कारणं अनेक असतील. पण रंग कुठला हवा, झाकण कुठून उघडावं, हे सांगणारी बाई आणि घरात पैसे खर्चायचं ठरवणारा माणूस एकच असेल असं नाही, एवढं तरी आपण आपल्या घरात बघून सांगू शकतो.

दोन, संमती. फिट्झपॅट्रिक सुचवतात की सुरुवातीची बोलणी इतकी सहज करा की समोरच्याला ही मुलाखत आहे हे जाणवूही नये. धंद्यासाठी ही युक्ती असेल. संशोधनासाठी तुम्हाला ती चालणार नाही. कुणाशी गप्पा मारून ते थेसिसमध्ये ‘प्रतिसादक क्र. 14’ म्हणून टाकलंत तर नीतिसमिती विचारेल, यांची संमती कुठे आहे? आणि विचारायलाच हवं. त्या सहज गप्पांचा उपयोग विषय समजून घ्यायला करा, डेटा म्हणून नको. हे पुस्तक वाचताना ही एक रेघ स्वतःच मारून घ्या.

मग करायचं काय: दारांची वही

त्या प्रकरणानंतर मी माझ्या स्वतःच्या पीएचडीच्या क्षेत्रकार्यात एक सवय लावून घेतली. मी तिला दारांची वही म्हणते. त्यात प्रतिसादक काय बोलला ते नसतं, तो मला कसा सापडला ते असतं. तुम्हीही करून बघा, स्टार्टअपसाठी असो वा थेसिससाठी.

1. प्रत्येक मुलाखतीपुढे लिहा: हा माणूस कुठल्या दाराने आला? कुणी नाव दिलं? ते नाव देणारा कुणाकडून आला होता? आठ नावांच्या रेषा मागे जाऊन एकाच काकूंपाशी मिळत असतील तर ते दार एकच.

2. ‘नवीन ऐकू येईना’ असं झालं की थांबू नका, दार बदला. मेसवाल्यांसाठी दुसरी दारं होती: किराणा आणि गॅस पुरवणारे, स्वयंपाकाला जाणाऱ्या बायका, मेस बंद केलेले लोक, कॉलनीतली प्रत्येक मेस क्रमाने. दोन-तीन वेगळ्या दारांतून तेच ऐकू आलं, तर मग थांबा.

3. नकारांची वेगळी यादी ठेवा. कोण बोललं नाही, कुणी फोन उचलला नाही, कुणी दारातून परत पाठवलं. आमच्या बाबतीत सगळं सत्य याच यादीत होतं. मोठ्या मेसवाल्यांनी सुरुवातीला दोनदा वेळ दिली नव्हती, तेव्हा आम्ही ‘बिझी असतात’ म्हणून पुढे गेलो.

4. सोडून गेलेल्याला शोधा. जो आधी तुमच्या गटात होता आणि आता नाही. मेस सोडून डबा लावणारा, कोर्स अर्धवट टाकणारा, औषध बंद करणारा. त्याला कुणाचं मन राखायचं नसतं.

5. तुमची आयडिया ज्याच्या खिशाला कात्री लावेल त्या माणसाचं नाव लिहा आणि त्याला आधी भेटा. प्रश्न मात्र ‘द मॉम टेस्ट’च्याच पद्धतीने विचारा. त्याला तोड नाही.

यातलं काहीही खर्चिक नाही. पाचवी गोष्ट आम्ही पहिल्याच आठवड्यात केली असती तर एका मालकाच्या पाच मिनिटांच्या बोलण्यात सगळं उलगडलं असतं.

भावाला नंतर नोकरी मिळाली, आधीच्यापेक्षा कमी पगाराची. तो मला कधी काही बोलला नाही. मावशी मात्र एकदा सहज म्हणाली, "तू तर शिकलेली आहेस गं यातलं." त्यावर मला उत्तर सुचलं नाही. मी प्रश्न तपासले होते, उत्तरं तपासली होती, माणसं कुठून आली ते तपासलं नव्हतं. आणि माझ्या विषयात ते सर्वात आधी शिकवतात.

‘द मॉम टेस्ट’ जरूर वाचा. ते वाचलेला माणूस मुलाखतीत ‘तुम्हाला असं वाटतं का की…’ अशी सुरुवात पुन्हा करणार नाही, आणि एवढ्यासाठीच ते प्रत्येक कोर्सवर्कमध्ये असायला हवं. पण शेजारी दारांची वही ठेवून वाचा. आणि सिनॉप्सिस जमा करायच्या आधी एका कोऱ्या कागदावर एवढं लिहून काढा: मी ज्या पद्धतीने माणसं शोधणार आहे, त्या पद्धतीने कोण सापडणारच नाही? निदान तीन प्रकारची माणसं लिहा. सुचली नाहीत तर सिनॉप्सिस अजून तयार नाही असं समजा. तो कागद गाईडना दाखवा. व्हायव्हामध्ये हा प्रश्न येतोच, त्याआधी तो तुम्हीच स्वतःला विचारलेला बरा.